आधी माप, मग नमस्कार

पहिल्याच भेटीत मी साहेबांना ठासून सांगितलं, की पोरीची गाठ आठ दिवसांत सव्वा इंचानं वाढली आहे. नुसतं सांगून थांबलो नाही, आलेख पुढं केला.

माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यातली. हदगाव तालुक्यातली शेतं मोजून हद्दी कायम करण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, आणि मोजमापाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवावं असं त्या दिवसापर्यंत मला वाटत नव्हतं. पोरगी आमची उशिराची, तेव्हा पाचच्या पुढं होती. अंघोळ घालताना तिच्या डाव्या कुशीत काहीतरी टणक लागतंय हे बायकोच्या हाताला कळलं. नांदेडच्या डॉक्टरांनी किडनीची गाठ आहे, लातूरला न्या, म्हणून सांगितलं. लातूरची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली. मोकळं बसवेना, म्हणून मी बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातली फीत काढली आणि रोज पोरीचं पोट बेंबीवरून मोजून मोजणीच्या वहीत मागच्या पानावर मांडू लागलो. सातव्या दिवशी रेघ एकदम वर गेली. ती वही छातीशी धरून मी लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूरला पोचलो. आपण काहीतरी शोध लावलाय अशी माझी समजूत होती.

तिथले गाठी मोजणारे डॉक्टर म्हणजे हे साहेब. त्यांनी तेव्हा आत खोलीत पोरीची गाठ यंत्रावर नुकतीच मोजली होती. तरीही त्यांनी माझी वही घेतली आणि चष्मा कपाळावर ढकलून मन लावून पाहिली. फीत रोज कोण धरत होतं, असं विचारलं. कधी मी, कधी तिची आई. पोर झोपलेली असायची की उभी? जशी सापडेल तशी. सातव्या दिवशी किती वाजता मोजलं? जेवण झाल्यावर, मी म्हणालो. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी ती पोटभर वरण-भात जेवली होती.

"म्हणजे मोजणीदार, तुम्ही वरण-भात मोजलाय," ते म्हणाले. "फीत आवळली तर न्हाई ना कधी? ह्या गाठीवर दाब पडू द्यायचा नसतो. कुणाला पोट चाचपूही द्यायचं न्हाई. आजपासून फीत बंद."

शेजारी बसलेली बायको आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. पदर तोंडाला लावला होता, पण खांदे दिसत होते.

तेव्हापासून त्यांनी मला मोजणीदार हेच नाव ठेवलं. माझं खरं नाव त्यांना कधी पाठ झालं असेल असं वाटत नाही. आकडे मात्र सगळ्यांचे पाठ.

ते मूळचे उदगीरकडचे. कपाळावर सकाळी लावलेलं भस्म दुपारपर्यंत पुसट व्हायचं. उंची बेताची, नाक मोठं, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लोहाराच्या दुकानात असतो तसला, जाडी मोजायचा पोलादी कॅलिपर. मराठी बोलायचे, पण मोजताना तोंडातल्या तोंडात कानडीत मोजायचे, ओंदु, एरडु, मूरु. आईनं आकडे कानडीत शिकवले होते, आणि मोजणं हे आईच्या भाषेतच बिनचूक होतं अशी त्यांची ठाम समजूत होती. लातूरच्या त्या इस्पितळात कॅन्सरच्या पोरांच्या गाठी मोजणं हे त्यांचं काम. गाठ किती आहे, औषध दिल्यावर किती उरली, हे ते सांगणार, आणि त्यावरनं बाकीचे डॉक्टर पुढचं ठरवणार. यंत्राच्या पडद्यावर गाठीच्या या कडेला एक फुली, त्या कडेला एक फुली, मधलं अंतर यंत्र दाखवतं. लांबी, रुंदी, जाडी, असं तीनदा. ऐकायला सोपं आहे. शेताचा बांध मोजणंही ऐकायला सोपंच असतं.

त्यांचा खरा राग होता तो फळांवर. गाठ लिंबाएवढी आहे, पेरूएवढी आहे, असं कुणी म्हणालं की ते हातातलं काम सोडायचे. आमच्या चिठ्ठीत तर नांदेडच्या डॉक्टरांनी 'लहान नारळाएवढी' असं लिहून दिलं होतं. ते वाचून साहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. एकदा एका नव्या डॉक्टरनं त्यांच्यासमोर 'लिंबाएवढी' म्हटलं, तेव्हा त्यांनी लगेच शिपायाला गंजगोलाईच्या बाजारात पाठवून डझनभर लिंबं मागवली, टेबलावर ओळीनं मांडली आणि त्या डॉक्टरच्या हातात कॅलिपर दिला. मी तिथंच कागदावर सही घ्यायला उभा होतो. त्यातलं मोठं लिंबू लहान लिंबाच्या दुपटीहून जास्त भरलं.

"गाठ दुप्पट झाली तरी तुमचं लिंबू ते लिंबूच," ते म्हणाले. "मग पोराला औषध लागू पडलं का न्हाई, ते कोण सांगणार? बागवान?"

नंतर त्या लिंबांचं सरबत झालं आणि मलाही मिळालं. अर्धापूरला माझ्या मावसभावाची केळीची बाग आहे. एकदा मी मोठ्या हौसेनं त्यांच्यासाठी एक फणी नेली. त्यांनी प्रत्येक केळं मोजलं, सगळ्यांत लांब निघालं ते माझ्या मुलीला दिलं, मग उरलेली खाल्ली.

त्यांच्या खोलीच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी होती. स्वतःच्या हातानं लिहिलेली. 'आधी माप, मग नमस्कार.' मोजणीच्या दिवशी ते आईबापांचं तोंड बघायचे नाहीत. सिस्टर पोराला आत घेऊन जायची, आणि आई-बाप बाहेर बाकावर. आम्ही बसायचो त्या वऱ्हांड्यातून त्यांना जायचं नसे, म्हणून ते मागच्या जिन्यानं यायचे. माप झालं, कागदावर उतरलं, सही झाली, की मग ते बाहेर येऊन बाकावरच्या प्रत्येकाला हात जोडून नमस्कार करायचे, अगदी कुणाच्या कडेवरच्या तान्ह्यालासुद्धा.

मला हे ठाऊक नव्हतं तेव्हा माझी चांगलीच फजिती झाली. पहिल्या औषधानंतरच्या सोमवारी मी इस्पितळासमोरच्या टपरीवर चहा घेत होतो, तेवढ्यात साहेब आले. मी हात जोडले. त्यांनी मला पाहिलं, झटकन पाठ फिरवली आणि टपरीच्या पत्र्याकडं तोंड करून उभ्या उभ्या चहा संपवला. मग पत्र्याच्या कडेकडेनं निघून गेले. मी चहा तसाच टाकला. गाठ पसरली असणार, यांना आपल्याशी बोलवेना, असं म्हणत मी बाकावर येऊन बसलो, आणि बायकोला काही न सांगता दोन तास तिला सगळं कळेल असा चेहरा करून राहिलो. शेवटी सिस्टरनं सांगितलं, आज मोजणी आहे म्हणून ते असं करतात.

पुढं एकदा मीच विचारलं, की पोराचा चेहरा तर दिसतोच ना? ते म्हणाले, पोरांचा चालतो. पोरांना आपल्याकडनं आकडा नको असतो, त्यांना घरी जायचं असतं. आईबापाला आकडा पाहिजे असतो, आणि त्यांना कोणता आकडा पाहिजे ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं.

मोजायला बसताना आधीचा कागदही ते बघायचे नाहीत. सिस्टर तो कपाटात कुलपात ठेवायची. जुना आकडा डोक्यात असला की नवा त्याच्या मागं मागं चालतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यानंतर एक तरुण डॉक्टरीणबाई तीच गाठ पुन्हा मोजायच्या, त्यांना साहेबांचं माप न सांगता. दोघांच्या मापात फरक पडला की दोघंही पहिल्यापासून. हे सगळं बघून मला माझी वीस वर्षं आठवायला लागली. शेतकऱ्यानं हरकत घेतल्याशिवाय मी एकही बांध दुसऱ्यांदा मोजलेला नाही, आणि हरकत घेतली तर त्या शेतकऱ्यावरच रागावलो आहे.

आमच्या पोरीला आधी चार आठवडे औषध द्यायचं आणि मग ऑपरेशन करायचं असं ठरलं होतं. चार आठवड्यांनी गाठ किती आक्रसते त्यावरनं औषध लागू पडतंय का याचा अंदाज बांधतात, हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. म्हणजे आमचे सगळे देव त्या चौथ्या सोमवारावर येऊन बसले होते. त्या चार आठवड्यांत पोरीचे केस गेले, ती उलट्यांनी बेजार झाली, सुई दिसली की माझ्या बोटाला चावायची. पण बायको रोज अंघोळीनंतर येऊन सांगायची, की आज जरा मऊ वाटतंय, पोट उतरलंय. हदगावहून बघायला आलेल्या सासूबाईही म्हणाल्या, हाव, उतरलंय की. मी आलेख बंद केला होता, पण मनातल्या मनात रेघ खाली आणत होतो.

चौथ्या सोमवारी साहेबांना बाहेर यायला नेहमीपेक्षा उशीर झाला. आले, नमस्कार केला, आणि उभ्या उभ्याच सांगितलं. औषधाआधी लांबी एकशे चौदा मिलिमीटर होती, आता एकशे बारा. रुंदी आणि जाडी तेवढ्याच. दोघांनी दोन-दोनदा मोजली होती.

"दोन मिलिमीटर तर माझ्या हाताच्या चुकीत धरायचे," ते म्हणाले. "म्हणून मी म्हणणार, आहे तेवढीच आहे."

बायको पोरीच्या डोक्याला रुमाल बांधत राहिली. बांधलेला सोडून परत बांधला. मी साहेबांच्या मागं त्यांच्या खोलीत शिरलो आणि दार लावून घेतलं.

आता जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे. माझ्या खात्यात लोक येतात, म्हणतात, साहेब, बांध एक हात तिकडं सरकवा, नकाशावरच्या तुमच्या टोच्याला काय फरक पडतो. मी त्यांना हाकलून देत आलो आहे. त्या दिवशी मी तसाच आवाज काढला. म्हणालो, कागदावर काय लिहायचं ते तुम्ही लिहा, कागदाला मी हात लावत नाही. फक्त बाहेर येऊन तिच्या आईला तोंडी सांगा, की थोडी कमी झाली. बोटभर म्हणा. ती चार आठवडे त्या आशेवर उभी आहे. ऑपरेशन तोंडावर आलंय, आता ती बसली तर घरात उभं राहणारं कुणी नाही.

मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी मला खुर्ची दिली. कॅलिपर खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडं बघत बोलायला लागले.

"नवा होतो तेव्हा हिमायतनगरकडचा एक माणूस पोराला घेऊन आला. आठ वर्षांचं पोर. मोजायच्या आधी त्यानं माझे पाय धरले. मी त्याचं तोंड पाह्यलं. मग आत गेलो आणि फुली जरा आत ठेवली. मुद्दाम न्हाई, मोजणीदार. हात आपोआप आत गेला. गाठ कमी झाली असं निघालं. तेच औषध पुढं चालू ठेवलं. महिन्यानं दुसऱ्या कुणी मोजली, तर ती वाढलेली. पोरगं गेलं." त्यांनी कॅलिपर मिटवला. "तसंही गेलं असतं कदाचित. पण ते कदाचित माझ्या अंगावर हाय. त्या बापाला मी एक महिना आनंदात ठेवला, एवढंच मी केलं."

मी म्हणालो, म्हणजे औषध लागू पडलं नाही, असंच ना?

"ते मी कुठं म्हणालो?" त्यांनी विचारलं. "तुम्ही पंचनामा करता तेव्हा एका पंचाच्या सहीवर भागतं का? आकार हा एक पंच. काही गाठी बाहेरून तेवढ्याच दिसतात आणि आतून मेलेल्या असतात. काही निम्म्या होतात, आणि राहिलेलं निम्मं लई हट्टी निघतं. दुसरा पंच गाठ बाहेर काढल्यावर बोलणार. तोवर चांगलं बोलायचा मला हक्क न्हाई, आणि वाईट बोलायचाही न्हाई."

मग ते उठले, माझ्या आधी बाहेर गेले, आणि ज्या माणसाला मी वऱ्हांड्यात कधी बसलेलं पाहिलं नव्हतं तो माणूस आमच्या बाकासमोर फरशीवर मांडी घालून बसला. बायकोला त्यांनी दोन पंचांचं ते सगळं पुन्हा सांगितलं, तिला माय म्हणत, एक शब्द गाळला नाही. त्यात 'कमी झाली' नव्हतं, आणि 'काळजी करू नका'ही नव्हतं. बायकोनं दोनच गोष्टी विचारल्या. ऑपरेशन कोणत्या दिवशी, आणि दुसरी किडनी चांगली आहे का? दुसरी चांगली होती. तीही त्यांनी मोजली होती.

या सगळ्यात पोरीला साहेब फार आवडायचे. माप झालं की त्यांचा तिच्याशी करार होता, मी तुझं मोजलं, आता तू माझं मोज. ती कॅलिपरनं त्यांचं नाक मोजायची आणि सिस्टर तो आकडा खरोखर लिहून ठेवायची. त्या सोमवारीही तिनं मोजलं. नाक तेवढंच भरलं, तेव्हा साहेब तिला म्हणाले, बघ, माझंबी कमी झालं न्हाई.

ऑपरेशन पाच तास चाललं. डावी किडनी गाठीसकट काढली. गाठ न फुटता निघाली, हे सर्जननं येऊन सांगितलं. आम्ही बाहेर बसलो होतो, आणि साहेब हिरवा डगला घालून आत जाताना दिसले. त्यांचं तिथं काही काम नव्हतं. मी घाबरलो. नंतर कळलं, की लातूरला काढलेली प्रत्येक गाठ ताटात आली की ते जाऊन कॅलिपर लावतात. पडद्यावर आपण काय मोजलं होतं आणि हातात काय आलं, ते ताडून बघतात. त्यासाठी त्यांची एक जाड वही आहे. मी ती एकदा पाहिली. पानावर तीन रकाने आखलेले. पहिल्यावर लिहिलंय 'पडदा', दुसऱ्यावर 'हातात', आणि तिसऱ्यावर 'माझी चूक'. पानामागून पान, वर्षामागून वर्ष, पेन्सिलीनं, एका माणसाच्या स्वतःच्या चुका, मिलिमीटरमध्ये. कुणी मागितली नव्हती ती वही, कुणी तपासणारही नव्हतं. अलीकडच्या पानांवर तिसरा रकाना लहान लहान होत आलेला. मी मोठमोठे अधिकारी पाहिले आहेत, देवळांतून मोठमोठ्या महाराजांच्या पाया पडलो आहे. पण डोकं टेकवावं असं मला त्या रकान्यावर वाटलं.

आमच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात तीन लिहिलं होतं. "तीन मिलिमीटर चुकलो," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

गाठीचे तुकडे तपासून यायला दहा-बारा दिवस लागले. कागद आला तो साहेबांनी आधी स्वतः वाचला, मग आमच्याजवळ आणला. त्यांनी आधी नमस्कार केला, म्हणून मला वाटलं आज माप नाही. पण माप होतंच. गाठीचा बराच मोठा भाग औषधानं आतल्या आत मेलेला होता. जो थोडा जिवंत होता तो हट्टी जातीचा नव्हता. आकाराच्या पंचानं जे सांगितलं नव्हतं ते दुसऱ्या पंचानं सांगितलं. मी विचारलं, म्हणजे पोरगी वाचली? ते म्हणाले, म्हणजे वाचायची शक्यता चांगली आहे. मी म्हणालो, साहेब, आज तरी म्हणा. ते म्हणाले, आज कागदावर जेवढं हाय तेवढंच म्हणतो, मोजणीदार, तुम्ही पाहिजे तर जास्त म्हणा. मी जास्त म्हणालो. वऱ्हांड्यात बसून रडलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना पेढा देतो म्हणून सांगितलं. पेढे आणायचं मात्र राहून गेलं.

पुढं कितीतरी महिने औषध चाललं. मग दर तीन महिन्यांनी तपासणी, मग सहा, मग वर्षानं. केस आले, ते आधीपेक्षा कुरळे. पोरगी आता सहावीत आहे आणि भूमितीत कच्ची आहे. मी समजावून सांगायला बसलो की दप्तर घेऊन आईकडं जाते.

परवा पाच वर्षांची तपासणी झाली. साहेबांचे केस पार पांढरे झालेत, पण मागचा जिना, पाठ फिरवणं, पुठ्ठ्याची पाटी, सगळं तेच. या वेळी बाहेर आले, आम्हाला नमस्कार केला आणि माझ्या हातात कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, 'तपासणीत गाठ दिसली नाही.' मी म्हणालो, साहेब, आता तरी शून्य लिहा की. ते म्हणाले, शून्य हेही माप असतं, आणि मी शून्य मोजलेलं न्हाई. मला दिसली न्हाई, एवढंच मी सही करून सांगू शकतो. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या बाकाकडं गेले. तिथं चाकूरकडचं एक जोडपं बसलं होतं, त्यांच्या पोराचं पहिलं माप नुकतंच झालं होतं. त्यांनाही त्यांनी हात जोडले.

परतीच्या एसटीत पोरगी खिडकीला टेकून झोपली. अहमदपूर गेल्यावर, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं ते मी बायकोला सांगून टाकलं. चौथ्या सोमवारी दार लावून मी साहेबांना काय मागितलं होतं, आणि त्यांनी कसं नाही म्हटलं होतं. तुझ्यासाठी मागितलं होतं, म्हणालो. तू पोट उतरलंय, पोट उतरलंय म्हणत होतीस, तुला ते ऐकवणार नाही असं वाटलं.

ती माझ्याकडं वळली.

"कुठं उतरलं होतं पोट?" ती म्हणाली. "रोज अंघोळ मीच घालत होते. दाबत नव्हते, नुसता हात ठेवायचे. गाठ तसूभरही कमी झाली नव्हती, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमचं तोंड बघवत नव्हतं, म्हणून मऊ झालीय म्हणत होते. त्या दिवशी त्यांनी तुमचं ऐकून कमी झाली म्हणून सांगितलं असतं ना, तर पोरीला तिथून उचलून घरी आणलं असतं मी. घरात एकमेकांशी खोटं बोलायला आपण दोघं होतोच की."